मागच्या गाडीची बॅटरी

दादा, फॉल्ट सापडला.

मधे बोलू नकोस, सगळं क्रमानं सांगते. (लिहून झाल्यावर लक्षात आलं की ही ताकीद द्यायचं आता कारण उरलेलं नाही. राहू दे. सवय आहे.)

मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिही, म्हणून संपादकांचा फोन आला होता. "जन्म, शिक्षण, नोकरी, स्वभाव, पाचशे शब्द. एक फोटो." मी हो म्हटलं. पण जन्म आणि शिक्षण ज्यांना हवं असेल त्यांनी वहिनीला विचारावं. मला बॅटरीबद्दल लिहायचंय आणि ते पाचशे शब्दांत बसणार नाही.

ज्यांना तुझं हे खटलं माहीत नाही त्यांना आधी सांगायला हवं. टेलिकॉमची पडझड झाली त्या वर्षी तुझ्या कंपनीनं तुझा अख्खा विभाग बंद केला. आपल्या या शॉमबर्ग गावातला निम्मा मराठी समाज तेव्हा रेझ्युमे लिहीत बसला होता, आणि तू एका शनिवारी बत्तीस फुटी जुनं मोटरहोम घेऊन माझ्या दारात उभा राहिलास. आत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणी, सगळं. माझ्या सासूबाई तेव्हा इथे होत्या. त्या काठी टेकत आत चढल्या, सगळीकडे फिरून आल्या, खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "घर आहे म्हणता, मग हलवता कशाला?" तू पोट धरून हसलास. मला अजूनही तो प्रश्न रास्त वाटतो.

असं धूड घेऊन कोपऱ्यावर दूध आणायला जाता येत नाही. म्हणून त्याच्या मागे वहिनीची छोटी गाडी बांधून न्यायची, चारही चाकं रस्त्यावर ठेवून. तिची किल्ली अर्धी फिरवून ठेवायची, म्हणजे स्टिअरिंग अडकत नाही. ड्रायव्हरच्या पायांपाशी एक खोका ठेवायचा. पुढे तू ब्रेक दाबलास की तो खोका मागच्या गाडीचं ब्रेकचं पेडल दाबतो. ही अर्धी किल्ली आणि हा खोका, दोघंही मागच्या गाडीची बॅटरी खात राहतात, आणि त्या गाडीचं इंजिन तर बंद. म्हणून मोटरहोमकडून एक वायर मागे न्यायची, ती चालता चालता बॅटरी भरत राहते. मोटरहोमच्या पाठीला एक सॉकेट, तिथून एक जाड केबल, केबलचं दुसरं टोक गाडीच्या नाकाशी, आणि तिथून पुढे बॅटरीपर्यंत तू स्वतः टाकलेली वायर.

एवढीच भानगड. आणि एवढ्याशा भानगडीवरून आपण तीन वर्षं भांडलो.

लक्षण नेहमी एकच. पाच-सहा तास चालवून कॅम्पग्राउंडवर पोचायचं, गाडी सोडवायची, वहिनीनं किल्ली फिरवायची, आणि गाडी नुसती कट्-कट् करायची. मग तू जंपर केबल काढायचास आणि म्हणायचास, "होतं गं असं." दादा, या तीन शब्दांनी मला किती संताप यायचा हे तुला कधी कळलंच नाही. होतं असं म्हणजे काय? आपोआप होतं का? मी कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. "होतं असं" लिहून कुणी रिपोर्ट दिला तर मी तो परत पाठवते.

याद्या करायची माझी सवय त्याच्याही आधीची, हे तुला माहीत आहे. पण मोटरहोमची यादी मात्र तुझ्या पहिल्या सहलीनंतर केली. त्या सहलीत तू टीव्हीची अँटेना वर ठेवून निघालास आणि पहिल्याच झाडाला ती देऊन टाकलीस. मी निघण्याआधीची तेवीस कामं लिहून काढली, लॅमिनेट केली, कपाटाच्या दारावर आतून चिकटवली. तू येणाऱ्या-जाणाऱ्याला कपाट उघडून दाखवायचास. "ही आमची धाकटी बहीण. तिच्या परवानगीशिवाय हे वाहन हलत नाही."

हसायचास, पण यादी पाळायचास. हे मात्र खरं. एकेक करून बोटानं पुढे जायचास.

त्या यादीत नारळही होता. पहिल्या खेपेला तू तो दाराच्या लोखंडी पायरीवर फोडलास. सगळं पाणी पायरीवर सांडलं, वहिनी घसरली आणि तिचं मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये गेलं. नारळ फोडायचा नाही, असं म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती. वहिनी नारळाशिवाय बसली नसती आणि खरं सांगायचं तर मीही नसते बसले. मोटरहोम भाड्यानं उभी करायचास त्या स्टोरेजच्या आवारात सगळीकडे बारीक खडी, तिच्यावर नारळ फुटत नाही. मोटरहोमचं नाक फायबरचं, त्याच्यावर फोडला तर नाकच फुटेल. म्हणून मी विचार करून लिहिलं, "नारळ: मागच्या हूकच्या लोखंडावर." छोटी गाडी ज्याला बांधायची ते भक्कम लोखंड, कुणाचा पाय पडणार नाही अशी जागा. तू म्हणालास, "शैले, हे मात्र डोकं लावलंस." दर खेपेला तू मागे जायचास, हूकवर एका दणक्यात नारळ फोडायचास, वहिनी हळदकुंकू लावायची, उरलेलं पाणी चारी बाजूंना शिंपडायची, आणि आपण खोबरं खात निघायचो.

आणि यादीत मीटर होतं. केबलचं गाडीकडचं टोक हातात घ्यायचं, मोटरहोम चालू करायची, मीटर लावायचं. तेरा पूर्णांक सहा. दर वेळी तेरा पूर्णांक सहा व्होल्ट, बॅटरी भरायला हवेत तेवढे. मग टोक गाडीला जोडायचं आणि पुढच्या कामावर बोट ठेवायचं.

आता माझा तर्क बघ. गाडीच्या नाकापर्यंत वीज नीट येते आहे, मीटर तसं दाखवतं आहे. तरी बॅटरी भरत नाही. म्हणजे दोष नाकाच्या पुढे. नाकाच्या पुढची वायर कुणी टाकली? तू. झालं. मला त्यात काही शंका घ्यावीशीच वाटली नाही. तू वायर बदललीस. पुढच्या सहलीत परत कट्-कट्. दुसऱ्यांदा बदललीस, जाड घेतलीस. परत तेच.

तू म्हणत होतास, हे मान्य करते, एकदा नाही, तीन-चारदा म्हणालास, "उभ्या गाडीत मीटर काही सांगत नाहीये शैले. चालताना काय होतं ते बघायला पाहिजे." एकदा तर मागच्या गाडीत मीटर घेऊन बसायलाच निघाला होतास. वहिनी दार अडवून उभी राहिली. "ओढल्या जाणाऱ्या गाडीत बसायचं? तुम्ही काय मेंढरू आहात का?" मी काय म्हणाले तेही आठवतंय. मी म्हणाले, "मी रोज तपासण्याचंच काम करते. मला तपासायला शिकवू नकोस." तू खांदे उडवलेस. तुझं हेच मला कधी आवडलं नाही. तुझं म्हणणं बरोबर असलं तरी तू ते लावून धरायचा नाहीस. माझ्यावर एकदा जोरात ओरडला असतास तर काय बिघडलं असतं? मोठा भाऊ होतास ना?

मग पाडवा आला. शाळेच्या कॅफेटेरियात मंडळाचा कार्यक्रम, कागदी ताटल्या, श्रीखंड. आपल्या टेबलावर तू-मी-वहिनी धरून बाराजण होतो. तू विस्कॉन्सिनच्या चढउतारांची गंमत सांगत होतास. म्हणजे तुला ती गंमत वाटत होती. उतारावर मागचा खोका बंद पडला, बॅटरीच संपली होती, आणि मागची गाडी तुला ढकलायला लागली. "सासरा जावयाला ढकलतो तशी," असं तू म्हणालास आणि सगळे हसले.

मी हसले नाही. मी म्हणाले, "एक दिवस कुणाला तरी मारशील तू. जन्मभर टेलिफोनची यंत्रं जुळवली म्हणतोस आणि एक वायर तुला धड लावता येत नाही. कंपनीनं उगाच नाही काढलं तुला."

शेवटचं वाक्य मी योजून बोलले नव्हते. पण बोलले. तू ताटलीकडे बघितलंस आणि म्हणालास, "वेलदोडा जरा जास्त झालाय." मग हात धुवायला उठलास आणि परत येताना दुसऱ्याच टेबलावर जाऊन बसलास.

मला वाटलं, दोन दिवसांनी फोन करीन. दोन दिवसांनी वाटलं, त्यानं करायला काय होतं? आपल्यात रागावलेल्या माणसानं आधी फोन करायचा नाही, असं कुठे ठरलं होतं कोण जाणे. त्या शनिवारी तू स्टोरेजच्या आवारात जाऊन तिसऱ्यांदा वायर बदललीस. एप्रिलचा शनिवार, पण थंडी अशी की सकाळी काचेवर बर्फ. तू खडीवर पुठ्ठा टाकून गाडीखाली चार तास पडून होतास, हे मला वहिनीनं नंतर सांगितलं. त्यानंतरच्या मंगळवारी, सकाळी दाढी करताना, गेलास.

डॉक्टर म्हणाले, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. मी तीन वेळा विचारलं. तिसऱ्यांदा ते जरा चिडले.

आता पुढचं. तुझ्या लेकीचे, गार्गीचे, दिवस भरत आले आहेत हे तुला माहीतच होतं. तिच्याकडे पार पश्चिमेला, बॉथेलला जाऊन तीन महिने राहायचं, तिच्या घरापासून वीस मिनिटांवरच्या कॅम्पग्राउंडवर मोटरहोम लावायची, हे सगळं तूच ठरवून ठेवलं होतंस, जागेचं बुकिंगही करून ठेवलं होतंस. सगळ्यांनी वहिनीला सांगितलं, विमानानं जा. वहिनी म्हणाली, "जाईन. आणि राहू कुठे? एका बेडरूमची जागा तिची, नागपूरहून व्याही-विहीण येणार. मी काय त्यांच्या उशाशी झोपू?" मग म्हणाली, "मी चालवीन. ह्यांनी शिकवलंय मला." रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये दर रविवारी तू तिला शिकवत होतास. मला तू हे सांगितलं नव्हतंस. मला का नाही सांगितलंस?

मी दोन आठवड्यांची सुटी काढली आणि म्हटलं, मी बरोबर येते. पण माझी एक अट. वाटेत मोंटानाचे डोंगर आहेत. मागच्या गाडीचा ब्रेक चालल्याशिवाय आपण हलायचं नाही. आणि ब्रेक चालायचा तर बॅटरी भरायला हवी.

निघायच्या आधीच्या शनिवारी मी मीटर आणि यादी घेऊन आवारात गेले. मोटरहोम चालू केली, केबलचं टोक धरलं, मीटर लावलं. तेरा पूर्णांक सहा. मी तिथेच खडीवर बसले आणि तुला मोठ्यानं शिव्या दिल्या. मराठीत. म्हणून रॉय आला.

रॉय म्हणजे तिथला राखणदार. सत्तरी उलटलेली, पूर्वी ट्रक चालवायचा. तुझ्याशी त्याची गट्टी होती हे मला त्या दिवशी कळलं. तो तुला काय नावानं हाक मारायचा ते मला नीट कळलं नाही, पण तुझं नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "मीटर ठेव बाजूला. मीटर फार सभ्य असतं, ते वायरीकडून काही मागतच नाही." आपल्या खोपटात जाऊन तो एक जुना हेडलाइटचा दिवा घेऊन आला, त्याला दोन वायरी जोडलेल्या. "हा काम मागतो."

मी धरलेल्या टोकाला त्यानं तो दिवा लावला. दादा, दिवा विझत आलेल्या निखाऱ्यासारखा लालसर झाला आणि गेला. मीटर लावलं, तेरा पूर्णांक सहा. दिवा लावला, अंधार. वाटेत कुठेतरी वीज अडत होती. मीटरला लागते तेवढी चिमूटभर वीज तिथून निसटत होती, बॅटरीला लागते तेवढी जात नव्हती. तीन वर्षं मी चिमूटभर वीज मोजली आणि बरोबरची खूण केली.

मग रॉयनं दिवा मागे मागे नेला. मोटरहोमच्या पाठीचं सॉकेट स्क्रू काढून उघडलं आणि आतल्या वायरीलाच दिवा लावला. लख्ख. डोळे दिपले. म्हणजे दोष नाकाच्या पुढे नव्हताच. तो सॉकेटमध्ये होता. रॉयनं टॉर्च मारला. सहा पिना. पाच नुसत्या मळकट. मधली, जी बॅटरी भरते ती, हिरवीगार, पावडर झालेली. "तिच्यात सतत करंट असतो," तो म्हणाला. "खारं पाणी आणि करंट. बाकीच्यांना पाणी लागलं तरी ही आधी सडते." मग स्क्रू-ड्रायव्हरनं ते खरवडून त्यानं आपल्या नाकाशी नेऊन हुंगलं. "तुम्ही लोक यात सोडा ओतता का? चिकट आहे हे."

त्या खोबणीत दोन केस अडकले होते. तपकिरी, राठ, बोटभर लांब. शेंडीचे.

मी मागे वळून हूककडे बघितलं. सॉकेट हूकच्या डाव्या हाताला, वीतभर अंतरावर. त्याचं स्प्रिंगचं झाकण केव्हाच तुटलेलं. ते आणतो, आणतो म्हणून तू दोन वर्षं काढलीस. तेवीस कामांमधलं एक काम, माझ्या अक्षरात. दर खेपेला एक नारळ.

"हे काय आहे?" रॉयनं विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

त्याच्याकडे नवीन सॉकेट होतं. बसवायला अर्धा तास लागला. दिवा लख्ख पेटला. जाता जाता त्यानं गाडीच्या नाकातून आत बॅटरीपर्यंत टॉर्च फिरवला आणि थांबला. "हे त्यानं केलंय?" मी हो म्हटलं. तो बराच वेळ बघत राहिला. प्रत्येक सांधा सोल्डर केलेला, वर नळी चढवलेली, दर वितीला बांधलेली. गरम भागापासून लांब वळवून नेलेली. "असं काम मी विमानतळावर बघितलंय," तो म्हणाला. "गाडीत नाही."

मला तिथून पळून जावंसं वाटलं.

हिवाळा सुरू व्हायच्या आधी दर वर्षी तू न सांगता माझ्या घरी यायचास, गॅरेजमध्ये शिरायचास आणि माझ्या गाडीची बॅटरी तपासून जायचास. कधी बदलायचास, कधी नुसते टर्मिनल घासायचास. मी या देशात आल्यापासून माझी गाडी एकदाही थंडीत बंद पडलेली नाही. एकदाही. हे मला त्या खडीवर उभं राहिल्यावर आठवलं. अशा माणसाला मी बाराजणांत म्हणाले की एक वायर धड लावता येत नाही. आणि दादा, एवढ्यावरही मला तुझा राग येतोच आहे. दर हिवाळ्याला माझे टर्मिनल घासत होतास ना? मग स्वतःच्या सॉकेटमध्ये एकदा वाकून बघायला काय झालं होतं? मी म्हटलं दोष पुढे आहे, म्हणून तू फक्त पुढेच बघत राहिलास. इतकं कुणी ऐकतं का कुणाचं?

वहिनीला मी एवढंच सांगितलं की पिन गंजली होती, रॉयनं बदलली. निघायच्या दिवशी ती नारळ घेऊन मागे निघाली.

"मागे नको," मी म्हटलं. "तिकडे कुंपणापाशी मोठा दगड आहे."

"अगं, तूच लिहिलंयस ना मागे म्हणून."

"रॉय म्हणाला, नवीन सॉकेट आहे, दणका नको."

ती दगडाशी गेली. नारळ फुटला. मी खोबरं खाल्लं नाही. म्हटलं, दात दुखतोय.

प्रवासाचं सगळं सांगत बसत नाही. वहिनी छान चालवते. तुझ्यापेक्षा छान. लेन बदलताना आधी आरशात बघते. साउथ डाकोटात पहिल्या मुक्कामाला गाडी सोडवली, तिनं किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. दुसऱ्या मुक्कामालाही तसंच. मोंटानातला मोठा उतार आला तेव्हा मी समोरच्या छोट्या लाल दिव्याकडे डोळे लावून बसले होते. वहिनीनं ब्रेक दाबला की तो दिवा लागायचा, म्हणजे मागे खोक्यानं पेडल दाबलं. प्रत्येक वेळी लागला. खाली उतरल्यावर तिनं रेस्ट एरियात मोटरहोम घेतली, शेगडीवर चहा टाकला आणि म्हणाली,

"शैला, तुझंच खरं होतं गं. मी आपली ह्यांची बाजू घ्यायचे. पण ह्यांना ते जमतच नव्हतं. रॉयनं अर्ध्या तासात करून दिलं. बिचारे उगाच थंडीत पडून राहिले."

तिनं हे रागानं म्हटलं नाही. लाडानं म्हटलं. पोराला गणित जमत नव्हतं, असं म्हणावं तसं. तू गेल्यानंतर सात आठवड्यांनी तुझी बायको तुझ्याबद्दल हे मानून बसली होती, आणि ते मी तिला दिलेलं होतं. गप्प राहिले असते तर ती जन्मभर तेच धरून राहिली असती. बॉथेलला जाऊन गार्गीला तेच सांगितलं असतं, आणि गार्गीनं तिच्या मुलाला. आजोबांना हौस फार, पण हातात काही नव्हतं हो.

मी म्हटलं, "वहिनी, वायर चांगली होती. सॉकेटमध्ये नारळाचं पाणी जात होतं."

"कसला नारळ?"

"आपला. दर वेळचा."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं शेगडी बंद केली. "म्हणजे परवा मला दगडावर फोडायला लावलास तो..."

"हो."

"रॉय म्हणाला, म्हणालीस."

"रॉय नाही म्हणाला."

वहिनी मला टोमणा मारायचा असला की "वन्सं" म्हणते, हे तुला माहीत आहे. तेव्हा टोमण्याचा सूर नव्हता. "वन्सं," ती म्हणाली, "पाडव्याहून घरी आल्यावर ह्यांनी मला काय विचारलं, सांगू तुम्हाला? म्हणाले, 'विजू, मला खरंच म्हणूनच काढलं असेल का गं?' आणि मी म्हटलं, आधी कपडे बदला. अंगाला श्रीखंडाचा वास येतोय."

ती हसायला लागली आणि मग रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले तर तिनं झटकला. चहा तसाच राहिला. अर्ध्या तासानं तिनं तोंड धुतलं, सीटवर बसली, पट्टा लावला. गाडी सुरू करण्याआधी समोर बघत म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? त्या टेबलावर मी काय एकटी होते?"

बॉथेलला पोचल्यावर मी गार्गीला सांगितलं. तिला मी पाडव्यानंतर फोनवर सगळं साग्रसंगीत ऐकवलं होतं, 'तुझ्या बापाला समजाव' म्हणून. ती पोटावर हात ठेवून ऐकत होती. म्हणाली, "आत्या, सिरियसली? कोकोनट?" मग म्हणाली, "बाबानं मला त्याच वीकएंडला ईमेल केली होती. आत्या चिडलीय, पण तिचं बरोबर असेल, ती कधी चुकत नाही, म्हणून परत वायर बदलतोय." एवढं बोलून ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

ती कधी चुकत नाही. दादा, हे वाक्य आठवलं की मला तुला धरून गदागदा हलवावंसं वाटतं. तुला कुणी सांगितलं हे? मी सांगितलं असेल. पण तू ते खरं का मानलंस? तुला दुसऱ्या कुणाची बहीण मिळाली नव्हती का विश्वास ठेवायला?

मी परत शॉमबर्गला आले आणि नावं लिहून काढली. पाडव्याला त्या टेबलावर बाराजण. तू आणि मी सोडून दहा. वहिनीला सांगून झालं होतं, राहिले नऊ. एकेकाला फोन लावला. दोघांना ते वाक्य आठवतच नव्हतं. एक जण म्हणाले, "जाऊ द्या हो शैलाताई, घरातलं भांडण आहे." एका काकूंनी विचारलं, "मग आता नारळ फोडायचाच नाही का?" मी म्हटलं, फोडा, पण पुढे जाऊन फोडा. एक जण मात्र म्हणाले, "मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला म्हटलं होतं, बहिणीनं बोलावं असं ते नव्हतं." बरं झालं सांगितलंत, असंही म्हणाले.

पण टेबलाच्या आजूबाजूलाही माणसं होती. माझा आवाज लहान नाही. कुणी किती ऐकलं, कुणी कुणाला सांगितलं, त्याची यादी होणार नाही. म्हणून हे अंकात लिहिते आहे. संपादकांनी हवं तर फोटो काढून टाकावा, एक ओळही काढू नये.

मंडळातल्या सगळ्यांना सांगते, माझ्या भावाला कंपनीनं काढलं ते विभाग बंद पडला म्हणून. त्याच्या हातात दोष होता म्हणून नव्हे. तीन वर्षं मी त्याच्यावर जो आरोप केला तो खोटा होता. चूक माझी होती, माझ्या अक्षरातली होती. त्यानं माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तीच वायर पुन्हा पुन्हा बदलली आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा चांगली केली.

आणि तुला, दादा. तुझ्यापुढे मी चुकले असं म्हणण्याची माझी ही पहिलीच वेळ, आणि नेमका त्याच वेळी तू उठून गेलास. हे अगदी तुझ्यासारखं केलंस. तरी म्हणते. तुझं वायरिंग बरोबर होतं. तिन्ही वेळा.